बुणगे वगळून

३ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण माझा डावा गुडघा हल्ली आठ अंगांत धरता येत नाही. तेव्हा सातांवर भागवून घे.

नऊ वर्षांनी पत्र आलं की माणूस आधी कोण गेलं ते शोधतो. कोणी गेलेलं नाही. मी आहे. तुझी भावजयही आहे. तुझा विषय निघाला की ती भांडी जोरात आपटते, त्यावरून ती कोणाच्या बाजूने आहे ते तुला कळेल. माझ्या नाही.

पत्राचं कारण कार्यालयीन आहे, घाबरू नकोस. आमच्या शब्दकोशाची गाडी 'ब'वर आली आहे. या वेगाने 'ज्ञ' बघायला माझी नातवंडं लागतील, आणि मला मूल नाही, म्हणजे हिशेब तू समजलीसच. 'बुडबुडा' झाला, 'बुडीत' झालं, 'बुणगे' या शब्दापाशी गाडी थांबली. या शब्दावर तू पाठवलेली अकरा कार्डं खणात सापडत नाहीत. इमारत जुनी, खण लाकडी, उंदीर पुष्कळ. गहाळ झाली असावीत.

तू त्या फिरत्या लष्करी इस्पितळात कापडखोलीची मुकादम होऊन निघालीस, तेव्हा कोऱ्या कार्डांची गठडी मीच तुझ्या पिशवीत कोंबली होती. "वाचायला मिळालं नाही तर ऐक," म्हणालो होतो. "कोण बोललं, कुठे, कधी, आणि वाक्य जसंच्या तसं. शहाणपणा करून सुधारायचं नाही." तू म्हणालीस, "टिंबू, धोब्याच्या खोलीत तुझं व्याकरण भिजेल." मग दोन वर्षं दर महिन्याला कार्डं येत राहिली. एकाही कार्डावर शाईचा डाग नव्हता. साबणाचे होते.

तर विनंती अशी की, त्या अकरा कार्डांतलं जे आठवत असेल ते पुन्हा लिहून पाठव. सोबत कोरी कार्डं जोडतो.

तुझा,
टिंबू

(हे नाव अजून चालतं का, ते माहीत नाही. दुसरं कोणी वापरत नाही, त्यामुळे झिजलेलं नाही.)


२१ जानेवारी

ती. ताईस,

पोचपावती आली. तिच्यावर तुझी सही आहे. शेवटचं अक्षर अजून ओळ सोडून खाली उतरतं, जिना उतरताना कुणाचा पाय घसरावा तसं. कोरी कार्डं मात्र परत आली नाहीत. म्हणजे पत्र मिळालं, उत्तर मिळणार नाही, हे मला समजलं. तरी लिहितो. शब्दकोशवाल्यांना उत्तर न देणाऱ्यांशी बोलायची सवय असते. आमचे बहुतेक साक्षीदार दोनशे वर्षांपूर्वी मेलेले असतात.

या शब्दाची कुंडली तुला कधी सांगितली नव्हती. संस्कृतात या शब्दाला माहेर नाही. मी पुष्कळ शोधलं. माझ्यासारख्या माणसाला असा शब्द भेटला की, ज्याचे आईवडील कोण ते विचारायचं नसतं अशा पाहुण्यासारखं अवघडून जायला होतं. व्युत्पत्ती: अनिश्चित. लिंग: नपुंसक. त्यात माणसं मात्र बहुतेक बायका.

सर्वांत जुन्या लष्करी कागदांत 'बुणगे' म्हणजे फौजेबरोबर चालणारं सगळं: तंबू, धान्य, बैल, आणि त्यांच्या आधी, यादीत पहिल्या, बायका. दळणाऱ्या, धुणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या, कुणाच्या लग्नाच्या, कुणाच्या बिनलग्नाच्या. एका रोजनाम्यात स्वच्छ वाक्य आहे: 'बुणगे राहिले म्हणून फौज राहिली.' दुसऱ्या एका पत्रात सेनापती विनवतो की बुणगे आधी नदीपार न्या, फौजेचा जीव त्यांत आहे. नंतर मोजदाद आली. मोजदाद करणाऱ्याने कोपऱ्यात टीप घातली, 'बुणगे वगळून'. मग जो वगळला तो निरुपयोगी असणारच, असं पुढच्या पिढीने धरलं. कोशांच्या प्रत्येक आवृत्तीत अर्थ आखडत गेला, बायका एकेक करून गळल्या, आणि शेवटच्यात उरलं: 'निरुपयोगी माणसे, खोगीरभरती'. आज पुरुषाला बुणगा म्हटलं की झोंबतं. का झोंबतं याचं उत्तर आम्ही कोशातून पुसलं, झोंबणं तेवढं ठेवलं.

आता मुद्द्यावर येतो. आमच्याकडे खणांची नोंद करणाऱ्या एक बाई आहेत. येत्या उन्हाळ्यात निवृत्त होतील. चष्मा नाकाच्या टोकावर आणि जीभ त्याच्याही पुढे. त्यांना मी उंदरांची गोष्ट सांगितली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "उंदीर कोपरे खातात. क्रमांक एकशे चौदा ते एकशे चोवीस असे मोजून खात नाहीत."

"जीर्ण झाली असतील."

"पत्ते पिसतानासुद्धा अकरा पानं एकदम पडत नाहीत. पाडावी लागतात."

तर ताई, उंदीर निर्दोष आहेत. कार्डं मी काढली. नियमाने काढली. तुला ठाऊकच आहे, नऊ वर्षांपूर्वी स्मारक मंडळाकडून आम्हाला विचारणा आली होती. माघारीत पुलापाशी पडलेल्यांच्या स्मारकभिंतीचा नियम असा, की 'फौज, तिच्या सर्व अंगांसह' जी जी पडली तिचं नाव कोरावं. तिथे गेलेल्या, तुझ्या कापडखोलीतल्या अकराजणींच्या हजेरीपटावर मथळा होता 'बुणगे'. मंडळाचा प्रश्न एका ओळीचा: बुणगे हे फौजेचं अंग होय किंवा नव्हे?

आमच्याकडे कुठलाही अर्थ मान्य व्हायला तीन दाखले लागतात. 'फौजेचं अंग' या अर्थाला जुने दोन होते, ते वर दिलेच. तिसरा तुझ्या कार्डांत होता, एक नाही, अकरा. पण गोळा करणारी माझी सख्खी बहीण, मंडळापुढची अर्जदारही तीच, आणि अभिप्राय लिहिणारा मी. मी स्वतःला विचारलं, हे शोभतं का? न्यायशास्त्र म्हणतं, आप्तवाक्य प्रमाण. आमच्या कार्यालयात आप्ताचं वाक्य बाद. कार्डं काढली. दोन उरले. दोनांवर अर्थ टिकत नाही. मी लिहिलं: 'अंग नव्हे.'

निःपक्षपात म्हणून केलं. एवढं तरी मान.

टिंबू


१० फेब्रुवारी

ती. ताईस,

दुसरीही पोचपावती आली. या वेळी सही जास्त दाबून केलेली आहे, कागदाच्या मागून बोटाला लागते.

तुम्ही उरलेल्यांनी पुन्हा अर्ज केला, हे मला तुझ्याकडून नाही, मंडळाच्या पत्रातून कळलं. वीस मार्चला सुनावणी. आमच्याकडे पुन्हा तीच विचारणा. टंकलेखकाने जुनंच पत्र काढून तारीख बदललेली दिसते. आणि मंडळाने कळवलंय की आता पुन्हा विचार होणार नाही. या वेळी 'नव्हे' म्हटलं की त्या अकराजणींची दारं कायमची बंद. तेव्हा हे पत्र कार्यालयीन आहे असं मी पहिल्या पत्रात म्हटलं, तेही उंदरांच्याच जातीचं होतं.

एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. किंवा हस, तुझं हसणं ऐकून बरीच वर्षं झाली.

मला मोजायचा नाद लागलाय. वीस दिवसांपूर्वी सुरू झाला, मी ते 'बुणगे वगळून' तुला लिहिलं त्या दिवशी. कार्यालयाची बैठक होती. टेबलाभोवती आम्ही सातजण. मी सहज मोजलं, अठरा भरले. मी पुन्हा मोजलं. माणसं सात आणि खुर्च्याही सात. पण मनातल्या मनात बोट फिरवलं की दर वेळी ते अठरावर जाऊन थांबतं. बँकेच्या रांगेत मोजलं, तिथे तेच. दाताच्या दवाखान्यात मी एकटाच बसलो होतो. बारा.

डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "रक्तदाब बघू." रक्तदाब उत्तम निघाला. याच्याइतकी निराशा मला आजवर झाली नव्हती.

दिसत काही नाही. कुणी पांढरं नेसून उभं नसतं. मी तर्कशास्त्र शिकलेला माणूस, एवढी शोभा मलाही करायची नाही. फक्त संख्या जास्त भरते. आणि काल दुपारी, भर उन्हात, प्रुफं वाचताना टेबलाची कड हाताला ओली लागली. बाईंनी नुकतंच फडक्याने पुसलं होतं म्हणे. असेलही.

"साहेब, काय मोजताय सारखं?" त्यांनी विचारलं.

"माणसं."

"मग आधी ती अकरा आणून खणात ठेवा," त्या म्हणाल्या. "हिशेब जुळेल."

बाईंना मी काहीच सांगितलेलं नव्हतं. उंदरांची गोष्ट सोडून.

टिंबू


२ मार्च

ताई,

'ती.' मुद्दाम गाळलंय. तीर्थरूप म्हणायचं आणि खोटं लिहायचं, हे दोन्ही एका पानावर बरं दिसत नाही.

बाद केलेली कार्डं नियमाप्रमाणे 'बाद' पेटीत जातात. तिथे ती कोणालाही बघता येतात. तुझी तिथे गेली नाहीत. मी ती घरी आणली. बुटांच्या खोक्यात घालून दोरी बांधली आणि माळ्यावर टाकली. नऊ वर्षं ती माझ्या डोक्यावर होती, अक्षरशः. तुझ्या भावजयीने काल विचारलं, "त्या खोक्यात काय आहे?" मी म्हटलं, "बूट." ती म्हणाली, "मग घाला." आणि खोकं माझ्या पुढ्यात आदळून ती बाजारात निघून गेली.

उघडलं. ताई, अजून साबणाचा वास येतो.

तू सगळ्यांची टोपणनावंच लिहिली आहेस. खरी नावं फक्त हजेरीपटावर होती आणि पट पुलापलीकडे राहिला, हे तू सांगितलं होतंस. मी ते तेव्हा ऐकलं होतं, आज वाचलं. मोठी बादली. शिट्टी. सुई. दोनदा. मास्तरीण. आत्या. निळी. चुळबूळ. बटण. मुकी. उशीर.

मोठ्या बादलीचं कार्ड: "फौज पोटावर चालते म्हणतात, चालू दे. नागडी तर चालत नाही ना? आम्ही बुणगे आहोत म्हणून तिची झाकली मूठ."

शिट्टीचं, एका सुभेदाराला: "मला बुणगं म्हणतोस? मग तुझी विजार तूच धू, बघू किती फौज उरते तुझ्यात."

सुई: "बुणग्यांना पदक नसतं, पाठदुखी असते. ती मात्र मरेपर्यंत काढून घेत नाहीत."

मास्तरीण, तू तिला अक्षरं शिकवत होतीस ती: "हा शब्द कागदावर कसा दिसतो ते दाखव. एवढासाच? मला वाटलं आमच्याएवढा असेल."

मुकीचं कार्ड मी तीनदा वाचलं. वाक्याच्या जागी तू कंसात लिहिलं आहेस: (काही बोलली नाही. 'बुणगे कोण?' असं विचारल्यावर पिळलेल्या चादरींकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग स्वतःकडे.) नियमाने हे कार्ड होतच नाही. त्यात शब्द नाही. तू तरी क्रमांक घालून पाठवलंस.

आणि शेवटचं, उशीरचं, पुलाच्या आदल्या संध्याकाळचं, माघारीची कुणकुण लागली तेव्हाचं: "पळता कशाला गं? बुणगे मागेच असायचे. कुणीतरी मागे असल्याशिवाय पुढच्यांना पुढे कसं म्हणतील?"

पुलाचं तू मला एकदाच सांगितलंस, आपल्या स्वयंपाकघरात, लसूण सोलत. सकाळी माघारीचा हुकूम आला. इस्पितळाच्या चादरी मागे ठेवायच्या नाहीत, सरकारी माल. चादरी नुकत्याच धुतलेल्या, ओल्या. ओल्या चादरींचं गाठोडं एकीला उचलत नाही, काठीला लटकवून दोघींनी न्यावं लागतं. आदल्या दिवशी ट्रकचा फळका पडून तुझा पाय मोडला होता, म्हणून तू स्ट्रेचरवर, गाडीत, घोंगडीखाली. पुलावर मोजणारा उभा. त्याने माणसं मोजली, तुला रुग्ण म्हणून मोजलं, आणि ओरडला, "संख्या पूर्ण." तू घोंगडीखालून ओरडलीस, "मागे बायका आहेत." त्याने कागद बघितला. कागदावर होतं, बुणगे वगळून. पूल उडवला. तू म्हणालीस, "आवाजानंतर धूर बसला, तेव्हा पलीकडे चादरी दिसत होत्या, पांढऱ्या. त्यांनी खाली टाकल्या नव्हत्या, टिंबू. सांभाळून धरल्या होत्या." दुपारी तोफा सुरू झाल्या.

मी तेव्हा काय म्हणालो ते तुला आठवतं का? मी विचारलं, "'वगळून' हा शब्द छापील होता की हाताने लिहिलेला?"

आता राहिलेलं लिहितो, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. निःपक्षपात वगैरे खरं नाही. त्या वर्षी आमचे मुख्य संपादक निवृत्त होणार होते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हः' करत म्हणून आम्ही ज्यांना 'विसर्ग' म्हणायचो, तेच. त्यांच्या खुर्चीसाठी मी एक नाव होतो. खुर्चीचा निर्णय घेणाऱ्यांतले दोघे मंडळावर होते. बहिणीसाठी कोशाचा अर्थ वाकवला, असं कुणी म्हणू नये, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी सरळ अर्थ वाकवला.

आणि सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या बोळात तू काठी टेकून बाकावर बसली होतीस. मला पाहून थोडं सरकलीस, जागा करायला. मंडळाच्या कारकुनाने मला विचारलं, "या कोण तुमच्या?"

मी म्हणालो, "ओळखीच्या आहेत."

तू सरकून केलेली जागा तशीच ठेवलीस. मी उभा राहिलो.

खुर्ची मिळाली. पाठीला चांगली आहे.

टिंबू


२३ मार्च

ताई,

तू सुनावणीला येशील म्हणून मी आधीच जाऊन त्या बाकावर बसलो होतो, एका कडेला. तू आली नाहीस. तुमच्यातर्फे तो म्हातारा ट्रकचालक आला होता, ज्याच्या गाडीत तू होतीस. तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तुम्ही मुकादमबाईंचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"अच्छा," तो म्हणाला. "ते कार्डवाले." आणि पुढे तासभर काही बोलला नाही. तू त्याला किती सांगितलं आहेस याचा मला त्या एका तासात अंदाज आला.

आत अध्यक्षांनी अभिप्राय मागितला. मी म्हटलं, मागचा अभिप्राय चूक होता, आणि चूक अजाणता झालेली नव्हती. पुरावा माझ्याकडे होता, तो मी काढून घरी ठेवला. मग खोकं उघडून अकराही कार्डं वाचली. मुकीचं वाचताना काय करायचं कळेना, वाचण्यासारखं काही नाही. मी बोट केलं. टेबलावर चादर नव्हती, फायलींकडे केलं. मग अध्यक्षांकडे, मग माझ्याकडे. कारकून हसला. अध्यक्ष हसले नाहीत.

"ही टोपणनावं आहेत," ते म्हणाले.

"हो साहेब. हाक मारली की त्या यायच्या. नावाचं आणखी काय काम असतं?"

"शाब्दिक कोट्या नकोत. कार्डं कोणी गोळा केली?"

"माझ्या बहिणीने. सख्ख्या."

त्यांनी जुनी फाईल उलटली. "मागच्या वेळी ही माहिती दिली नव्हतीत."

"मागच्या वेळी त्या माझ्या ओळखीच्या होत्या."

मला सवयीने मोजायला झालं. मंडळाचे पाच, कारकून, ट्रकचालक, मी. आठ व्हायला हवेत. एकोणीस भरले, आणि ताई, खरं सांगतो, पहिल्यांदाच मला भीती वाटली नाही. एवढ्या साक्षीदारांपुढे आपण निदान खरं बोललो, असं वाटलं.

निकाल राखून ठेवला आहे. माझ्याबद्दलचं पत्र आमच्या नियामक समितीकडे जाईल, असं अध्यक्षांनी सौम्यपणे सांगितलं. जाऊ दे. 'भ'च्या भानगडी दुसरं कोणी निस्तरेल.

सोबत 'बुणगे' या नोंदीचं प्रूफ पाठवतो. तीन दाखल्यांचा नियम आहे, अकरा घेतले आहेत. अर्थ पहिला: 'फौजेचं अंग असलेली, तिचं धुणं, दळण, शुश्रूषा करणारी माणसं, मुख्यतः स्त्रिया.' 'निरुपयोगी'ला शेवटी ढकललंय, आणि 'अपप्रयोग' असा शेरा मारलाय. दाखले नियमाप्रमाणे तारखांच्या क्रमाने लावलेत. खाली टीप आहे: 'दाखल्यांची संग्राहक: संपादकाची बहीण.' ही टीप छापायची तर तुझी संमती लागेल. चुका असतील तर दुरुस्त कर. नसेल करायचं तर नुसती पोचपावती दे, तिच्यावर मी भागवीन. सवय झाली आहे.

टिंबू


१७ एप्रिल

ताई,

आज दोन पाकिटं एकदम आली. आधी मंडळाचं फोडलं. तुझं फोडायला हात धजेना.

मंडळ म्हणतं: बुणगे हे फौजेचं अंग होय. भिंतीवर कोरलं जाईल. मात्र दगडावर टोपणनावं घालायची प्रथा नाही, म्हणून शेवटची ओळ अशी असेल: 'आणि अकरा स्त्रिया.' तुलाही प्रत गेलीच असेल. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वगळून नाही, एवढं झालं. आत घेतलं, पण हाक मारली नाही. निम्मं मिळालं, ताई. उरलेलं निम्मं आमच्या कागदावर आहे, आणि आमचा कागद दगडाइतका टिकत नाही. फक्त त्याच्या प्रती जास्त निघतात.

मग तुझं पाकीट. आत पत्र नाही, नुसतं प्रूफ, लाल शाईत. मला खात्रीच होती की एक अक्षरही तू मला लिहिणार नाहीस. दोन ठिकाणी मी काना सोडला होता तो तू घातलास, आणि समासात लिहिलंस, 'चष्मा बदल.' खाली काही नाही. नावही नाही. ते दोन शब्द मी आमच्या बाईंना दाखवले. त्यांनी आपला चष्मा वर सरकवून नीट वाचले आणि म्हणाल्या, "हे हुकूम आहेत. पाळा."

दाखल्यांचा क्रम तू सगळा फिरवलास. तारखा खोडून प्रत्येकीपुढे नवा आकडा, आणि समासात: 'तारखेने नको. निघताना चालत होत्या तशा लाव.' आकड्यांना कडेला कंस घातलेस, दोन-दोन दाखल्यांना एक. मोठी बादली आणि सुई. शिट्टी आणि आत्या. मास्तरीण आणि दोनदा. निळी आणि चुळबूळ. बटण आणि मुकी. प्रत्येक जोडीला एक काठी, एक गाठोडं.

आणि शेवटी उशीर. तिच्यापुढेही तू कंस उघडलास. बंद केला नाहीस. आतली दुसरी जागा मोकळी आहे.

अकरा हा आकडा मी नऊ वर्षं हाताळतो आहे. पोटभर तर्कशास्त्र शिकलो. गाठोडं दोघींनी न्यावं लागतं, हेही मला ठाऊक होतं, मीच तुला लिहिलं. पण अकराच्या जोड्या कशा झाल्या, हे मी एकदाही विचारलं नाही. उशीर त्या सकाळी ओलं गाठोडं एकटी ओढत होती. तिची जोडीदारीण गाडीत होती, घोंगडीखाली, मोजलेली.

खालची टीप तू खोडली आहेस. 'संपादकाची बहीण' यावर एकच सरळ रेघ आहे, गिचमिड नाही, राग नाही. त्याऐवजी लिहिलंस: 'दाखल्यांची संग्राहक: अकरावीची जोडीदारीण.'

संमती मिळाली असं मी धरतो. दुसरं काही मिळालं असं धरत नाही. बहीण या शब्दावर रेघ मारायचा हक्क त्या बोळात मीच तुला दिला होता.

दुपारी पान जुळवणाऱ्याकडे गेलो. तो मान खाली घालून काम करणारा, मोजकं बोलणारा माणूस. त्याने तुझ्या सगळ्या खुणा एकेक करून उतरवल्या आणि शेवटी थबकला. त्याच्या पडद्यावर लाल रेघ उमटली होती.

"साहेब, इथे एक कंस उघडाच राहिलाय. चूक दाखवतंय. बंद करू?"

मी खोलीत पाहिलं. तो आणि मी. सवयीने मोजलं, पुन्हा एकदा मोजलं. त्या तिथेच होत्या, दोन-दोन, आणि शेवटची एकटी, पलीकडचं टोक कुणी धरायला येईल म्हणून थांबलेली.

"नको," म्हटलं. "राहू दे तसाच."

टिंबू